रविवारची जाफना चटणी: उदगीर-लातूर रस्त्यावरची एक खानावळ

आधी जेवणाचं सांगते. उदगीरहून लातूरकडे निघालं की नळेगावच्या अलीकडे डाव्या हाताला एक जुना लिंब लागतो. त्याच्याखाली पत्र्याची शेड, समोर दोन बाजा, पाण्याचा रांजण आणि सिमेंटच्या ओट्यावर चूल. बोर्डावर खानावळीला नाव दिलेलं नाही. 'घरगुती जेवण मिळेल', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'माजी सैनिक'. गाडी वेगात असली तर बोर्ड दिसत नाही, धूर दिसतो. धुरावर थांबायचं.

ज्वारीची भाकरी खरंच चुलीवरची आहे. मालकाची बायको तुमच्यासमोर बसून थापते. हे मुद्दाम सांगते, कारण बाहेर 'चुलीवरची भाकरी' रंगवून आत गॅसवर भाजणारे आमच्या भागात पुष्कळ झालेत. आमटीला घरचं येसर आहे, तव्यावर भाजलेल्या धान्याचा वास येतो. मटणाचा रस्सा काळा, घट्ट, वर तर्री फार नाही. तर्रीवर जीव असणाऱ्यांनी पुढच्या ढाब्यावर जावं. हिवाळ्यात हरभऱ्याची पालेभाजी मिळाली तर सोडू नका. पिठलं त्यांना जमलं नाही असं मला वाटतं, दोन्ही वेळा अळणी होतं. भात तर काहीच्या काही, गिचका. शाकाहारी ताट १२० रुपये, मटणाचं २८०. भाकरी लागेल तेवढी. कांदा आणि शेंगदाण्याची चटणी कितीदा मागितली याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

एवढं तर बऱ्या खानावळीत मिळतंच. मी लिहायला बसले ती रविवारच्या चटणीसाठी.

रविवारी दुपारी ताटात एक वेगळी चटणी येते. ओलं खोबरं, लाल मिरची, बारके लाल कांदे, मीठ, वरून लिंबू. पाट्यावर वाटलेली, तीही अर्धवट. फोडणी नाही, दाणे नाहीत, लसूण नाही. आमच्याकडे लसणाविना चटणी म्हणजे आजारी माणसाचं खाणं. पहिल्या घासाला मला वाटलं, वाटताना काहीतरी विसरले. दुसऱ्या घासाला गरम भाकरी आणि ते गार, आंबट-तिखट खोबरं एकमेकांना धरायला लागलं. तिसऱ्या घासाला मी आणखी मागितली, तेव्हा कळलं की दुसऱ्यांदा मिळत नाही. माणशी एक डाव. लातुरात नारळ काय भावानं मिळतो ते ठाऊक असल्यामुळे मी गप्प बसले.

मालक तिला जाफना चटणी म्हणतात. जाफना म्हणजे श्रीलंकेच्या उत्तर टोकाचं तमिळ शहर.

मालकांना पंचक्रोशीत सगळे 'मेजर' म्हणतात. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. शिपाई म्हणून गेला, शिपाई म्हणून आला, तरी मेजर. हे हवालदार होऊन निवृत्त झाले, ८ महारमधून, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतून. मी त्यांना हवालदार म्हणते. पहिल्यांदा तसं म्हटलं तेव्हा त्यांनी वळून नीट बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला हुद्दे कळतेत?"

कळतात, कारण मी पोस्टात होते. १९८५ पासून ३५ वर्षं, बहुतेक काळ उदगीर तालुक्यातल्याच एका उपडाकघरात. फौजेतल्या पोरांची पत्रं, मनीऑर्डरी, सगळं माझ्या हातून गेलंय. पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि मग एपीओचा, म्हणजे फौजेच्या डाकघराचा, आकडा. त्या आकड्यावरून पोरगा काश्मिरात आहे की आसामात ते कळत नसे. तेच तर त्याचं काम होतं. १९८७ च्या पावसाळ्यानंतर काही घरांची पत्रं उशिरा यायला लागली आणि आया पोस्टाच्या पायरीवर येऊन बसायला लागल्या. "बाई, पोरगा समुद्राच्या पलीकडं गेलाय मनं. रावणाच्या देशात."

हसू नका. त्या वेळी आमच्या गावात श्रीलंकेबद्दल एवढंच ठाऊक होतं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी सिंहली-तमिळ भांडण मिटवण्याच्या करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना तिथल्या एका नौसैनिकानं राजीव गांधींना बंदुकीचा दस्ता हाणला, हे लोकांच्या लक्षात राहिलं. करार कशाचा, ते नाही. गावात चर्चा बोफोर्सची, चाऱ्याची आणि विद्यापीठाच्या नामांतराची. आपली फौज दुसऱ्या देशात जाऊन तिथल्याच लोकांशी लढतेय, यावर चावडीवर कुणी पाच मिनिटंसुद्धा बोलल्याचं मला आठवत नाही. 'शांतीसेना' या नावावरच सगळं भागलं. शांतीला गेलीय म्हणजे लढाई नाहीच, असा हिशेब.

तर ही चटणी. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा रविवार होता, श्रावण संपलेला, गर्दी कमी. शेजारच्या बाजेवर एक निवृत्त गुरुजी जेवत होते. त्यांनी चटणीवरूनच विषय काढला. गुरुजींचं म्हणणं सरळ होतं: दुसऱ्याच्या भावकीच्या भांडणात आपण कामून पडायचं? सिंहली आणि तमिळ यांचं घरचं भांडण. आपण मध्ये पडलो आणि दोघांचाही मार खाल्ला.

हवालदार ताट पुसत होते. "गुरुजी, हुकूम आला की भावकी कुणी विचारत नाई."

"मग तुला पटलं होतं का?"

"पटायला येळ कुठं होता. कराराच्या मागोमाग आमची पलटण उतरली. पलालीच्या धावपट्टीवरून बाहेर पडलो तर बाया हार घेऊन उभ्या. पोरंसोरं गाडीच्या मागं पळूलालते. मला वाटलं, चला, जत्रेला आलो. तिसऱ्या महिन्यात त्याच गल्लीतून जाताना आम्ही भितीला पाठ लावून चालूलालतो."

हे जे मधले दोन महिने, ते हवालदार बोटांवर सांगतात. सप्टेंबरमध्ये नल्लूरच्या देवळापाशी वाघांचा, म्हणजे वेगळा तमिळ देश मागणाऱ्या एलटीटीई संघटनेचा, एक तरुण पुढारी, थिलीपन, पाण्याचा थेंबही न घेता उपोषणाला बसला आणि २६ तारखेला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं पुलेंद्रन आणि कुमारप्पा यांच्यासह वाघांची माणसं समुद्रात धरली. त्यांना कोलंबोला न्यायचं ठरलं तेव्हा ५ ऑक्टोबरला पलालीतच त्यांनी सायनाइड चावलं, बारा जण मेले. पलालीत आपलीही फौज होती. लोकांना वाटलं, हिंदुस्थानानं बघत बसून मरू दिलं. आणि १० ऑक्टोबरला जाफना घेण्याचा हुकूम सुटला. 'ऑपरेशन पवन'.

"ज्यांच्याशी लढायचं ते कुठं शिकले, ठाऊक आहे का?" गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले. ठाऊक होतं. १९८३ नंतर आपल्याच देशात त्यांच्या छावण्या चालल्या होत्या.

हवालदारांनी यावर मान हलवली, पण राग दाखवला नाही. त्यांचा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. त्यांच्या हातात एसएलआर, दर गोळीला चाप ओढावा लागणारी जुनी रायफल होती, समोरच्या पोराच्या हातात एके-४७. रस्त्याखालच्या मोरीत सुरुंग पुरलेला आणि त्याची वायर ताडांच्या आड, कुणाच्या तरी परसात गेलेली. नकाशे जुने. भाषा कुणालाच येत नाही; मद्रास पलटणीतला एखादा जवान मिळाला तर नशीब. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर ११ ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ मेले आणि एक कैद झाला, ही बातमी पलटणीत दुसऱ्या दिवशी पोचली. "त्या रात्रीनंतर कुणी हार बगितला नाई," ते म्हणाले, आणि पोराला हाक मारली, "तन्नी आण रे."

तन्नी म्हणजे पाणी. तिथून आणलेले दोनच शब्द आहेत म्हणतात, दुसरा सांगण्यासारखा नाही. आता खानावळीतला पोऱ्यासुद्धा गिऱ्हाइकाला "तन्नी देऊ का?" असं विचारतो आणि ट्रकवाले गोंधळतात.

मला त्या माणसाचं एक आवडलं. तो त्या मुलखाकडे कुणब्याच्या नजरेनं बघून आला होता. लढाईपेक्षा विहिरींबद्दल जास्त बोलतो. तांबडी माती, खाली चुनखडीचा दगड, आणि पाणी इतकं वर की वाकून बादली बुडवावी. "आमच्याकडं शंभर फुटांवर दगड लागतोय आणि त्यांच्या परसात पाणी हाताला लागूलालतंय. मी पहाऱ्यावर उभा राहून मिरचीचे वाफे मोजायचो." कांदा, तंबाखू, मिरची, घराभोवती ताडाच्या झावळ्यांचं कुंपण. १९८७ साली आपल्याकडे जनावरं दावणीला तडफडत होती आणि हा माणूस परक्याच्या वाफ्यात पाटाचं पाणी कसं फिरवलंय ते बघत होता, हातात बंदूक घेऊन.

चौकीला लागून एक घर होतं. त्यात एक म्हातारी, तिची सून आणि दोन नातवंडं. घरात बाप्या माणूस नव्हता. कुठं गेला ते विचारायची सोय नव्हती. लढाईचा जोर शहरातून सरकल्यावर, १९८८ च्या सुरुवातीला केव्हातरी, म्हातारीनं कुंपणावरून ताडाच्या पानावर चटणी दिली. हवालदारांनी रेशनातली डाळ दिली. मग ते चालू झालं. आठवड्याला एकदा चटणी, आठवड्याला एकदा डाळ किंवा साखर. बोलणं नाही. ती उखळात मिरच्या कुटायची ते यांना पहाऱ्यावरून दिसायचं. कृती तिथूनच, लांबून बघून शिकलेली.

मग एका पहाटे त्या भागाला वेढा पडला. शेजारच्या रस्त्यावर स्फोट झाला होता. घराघराची झडती. त्या घराची झडती ह्यांच्याच तुकडीकडे आली. काही सापडलं नाही. धान्याची मडकी फोडून बघितली, फडताळातले कपडे अंगणात टाकले, सून एका कोपऱ्यात नातवंडांचे डोळे हातानं झाकून उभी. म्हातारी ह्यांच्याकडे बघत होती. "ओळख दाखवली नाई तिनं. मी बी नाई दाखवली."

त्यानंतर कुंपणावर पान आलं नाही.

"रागावली असेल," गुरुजी म्हणाले.

"असंल. नायतर वाघांच्या पोरांनी दम दिला असंल. फौजेशी बोलणाऱ्याला ते खांबाला बांधून गोळी घालायचे, गळ्यात पाटी अडकवून. म्हातारीनं आम्हाला वाचवायला चटणी बंद केली, का स्वतःला वाचवायला, का आम्ही मडकी फोडली मनून, ते मला आज बी कळलं नाई. आणखी एक बी असंल. तो स्फोट झाला तिथली वायर तिच्याच परसातून गेलेली असंल. ते बी कळलं नाई."

मी एवढी वर्षं या युद्धाबद्दल मिळेल ते वाचते, कारण माझ्या खिडकीतून त्याची पत्रं गेली. सेनापतींची पुस्तकं, मुत्सद्द्यांच्या मुलाखती. कुणाचा सल्ला चुकला, कुणी कुणाला फसवलं, ते सगळं त्यात आहे. पण कुंपणाच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याबद्दल चार शक्यता मांडतो आणि चारही खऱ्या असू शकतात म्हणून गप्प बसतो, हे मला फक्त या पत्र्याच्या शेडमध्ये ऐकायला मिळालं. खरं तर त्या दिवशीचं जेवण मला नीट आठवत नाही. बिल किती झालं तेही नाही.

मी एक प्रश्न विचारला, आणि विचारायला नको होता असं नंतर वाटलं. २१ ऑक्टोबर १९८७, ऐन दिवाळीत जाफन्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आपले जवान शिरले. रुग्ण, डॉक्टर, नर्स मिळून साठाहून जास्त माणसं मेली. हवालदार उठले, उभ्या राहिलेल्या एका ट्रकवाल्याला रांजणातलं पाणी दिलं, चुलीत लाकूड सारलं. मला वाटलं, विषय संपला. दहा मिनिटांनी आपणहून आले. "मी तिथं नव्हतो. आतून गोळी आली असं आमच्यात सांगितलं. आली बी असंल. पण बाई, नर्सच्या हातात काय होतं?" त्यांची बायको भाकरी थापायची थांबली होती. तिला हे नवीन नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बाहेरच्या माणसासमोर निघालं हे नवीन होतं.

इथं मला माझ्या आईची आठवण झाली, ती सांगते आणि परत खानावळीकडे येते. १९४८ च्या सप्टेंबरात, निझामाच्या हैदराबाद संस्थानावर हिंदुस्थानी फौज आली त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, आई नऊ वर्षांची होती. आमचं गाव तेव्हा बीदर जिल्ह्यात. निझामाच्या बाजूच्या रझाकारांनी दोनदा गाव लुटलेलं. हिंदुस्थानी फौजेच्या गाड्या रस्त्यानं गेल्या तेव्हा आजीनं दुरडीभर भाकरी नेऊन दिल्या, हे आई अभिमानानं सांगायची. पुढचं ती अगदी म्हातारपणी सांगायला लागली. गाड्या गेल्यावर गावातल्याच लोकांनी बोटं दाखवायला सुरुवात केली, हा रझाकार, तो रझाकार. गावच्या शिंप्याचं घर एका रात्रीत रिकामं झालं. तो रझाकार होता का, ते आईला ठाऊक नव्हतं. त्यानंच तिला परकर शिवून दिला होता, एवढं ठाऊक होतं. त्या वेळी मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सर्वात जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यात उस्मानाबाद, नांदेड आणि बीदर आहेत. आम्ही दर १७ सप्टेंबरला झेंडा फडकवतो, फडकवायलाच हवा. शिंप्याचं नाव भाषणात येत नाही.

मी हे हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमच्या आजीनं बी भाकरी दिली, आणि आम्हाला बी हार घातले. भाकरी देणाऱ्याला काय ठाऊक मागून काय येऊलालंय."

मग मी माझंही सांगून टाकलं. १९८८ मध्ये एका आईला मी पोराचं पत्र वाचून दाखवत असे, तिला अक्षरओळख नव्हती. एका पत्रात पोरानं लिहिलं होतं की इथं लहान पोरं बघितली तरी भीती वाटते, काल एकाला पाणी दिलं आणि रात्रभर झोप नाही आली, कारण त्याच्या खिशात काय होतं ते बघितलं नाही. मी ती ओळ गाळली. त्याजागी 'इथे पाऊस चांगला आहे' असं वाचलं. पोरगा सुखरूप परत आला, म्हातारी वारली, मी निवृत्त झाले, पण ती ओळ अजून माझ्याकडेच आहे. हवालदारांना याचं काही वाटलं नाही. "सगळेच गाळायचे. आम्ही बी लिहिताना गाळायचो, वर साहेब वाचून गाळायचे, आणि उरलेलं तुम्ही गाळलं. घरी गेल्यावर गावानं एकच विचारलं, टीव्ही आणला का."

हे मात्र खरं आहे. शांतीसेनेतून आलेल्यांनी परदेशी टीव्ही, टेपरेकॉर्डर आणले अशी तेव्हा हवा होती, आणि काहींनी आणलेही. आमच्या तालुक्यात या युद्धाबद्दल लोकमत असं काही तयार झालं असेल तर ते एवढंच. हवालदारांनी आणला नव्हता. त्यांच्या चुलत्यानं वर्षभर त्यांच्याकडे संशयानं पाहिलं.

परत येण्याची गोष्ट ते फार लांबवत नाहीत. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेर निघून जा म्हणून मुदत दिली. तिकडे वाघ आणि प्रेमदासांचं सरकार बोलणी करत होते. ज्या दोघांचं भांडण सोडवायला गेलो तेच एका बाजूला. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, आणि मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळ लोकांना मारून आलेली फौज, म्हणून. गुरुजींना हे बरोबर वाटतं. हवालदारांना वाटत नाही, पण ते म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर गेलो असतो का, सांगता येत नाई." चौदा महिन्यांत, २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर झालं, वाघांनी राजीव गांधींना बॉम्बनं मारलं.

गल्ल्याच्या वर तसबिरी दोन. एक बाबासाहेबांची, दुसरी मेजर रामस्वामी परमेश्वरन यांची. ८ महारचेच. २५ नोव्हेंबर १९८७, जाफन्यातल्या कंथरोडाईजवळ रात्रीच्या शोधमोहिमेवरून परतताना तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपलं, आणि मरेपर्यंत हुकूम देत राहिले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. तसबिरीला हार असतो, ताजा. हवालदार त्या रात्री त्या तुकडीत नव्हते आणि होतो असं ते कधीच सांगत नाहीत. फौजी हॉटेलांत जे ऐकायला मिळतं ते पाहता हे मला विशेष वाटतं. फोनमध्ये त्यांच्याकडे कोलंबोजवळच्या स्मारकाचा फोटो आहे, काळ्या दगडावर नावं, १,२०० च्या आसपास. ते बोटांनी मोठा करून दाखवतात. "ज्यांच्या देशात मेलो त्यांनी बांधलं. आमच्याकडं लई वर्षं दिवा बी नव्हता."

पहाटे त्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळतात. अग्निवीरसाठी. पळून झाल्यावर इथे येतात. त्यांना दोन उकडलेली अंडी आणि भाकरी २० रुपयांत. पोरं हमखास विचारतात, मेजर, किती मारले? हवालदार त्यांना रांजण भरायला लावतात. हापसा दोनशे पावलांवर आहे. रांजण मोठा आहे. पाणी भरेपर्यंत प्रश्न विसरतो, असा त्यांचा अनुभव. एका पोरानं मात्र भरून झाल्यावर परत विचारलं म्हणे, त्याला त्यांनी चटणी दिली, रविवार नसताना.

आता सोयीच्या गोष्टी. गाडी लावायला जागा भरपूर, सावली फक्त लिंबाखाली. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे, कडी नीट लागते, ही आमच्या रस्त्यावर मोठी गोष्ट आहे. फोन पे चालतं, पण फोन बाईंकडे असतो आणि बाईंचे हात पिठाचे, तेव्हा सुटे जवळ ठेवा. वाढायला वेळ लागतो. घाईत असाल तर थांबूच नका. रात्री नऊला बंद. २५ नोव्हेंबरलाही बंद असतं, मी एकदा त्या दिवशी पाहुणे घेऊन गेले आणि उपाशी परत आले. येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या, दिवशी मात्र चालू. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे, आणि त्या दिवशी पैसे घेत नाहीत.

चटणीबद्दल एक राहिलं. ती अपुरी आहे, आणि हे मालकच सांगतात. म्हातारीच्या चटणीत काहीतरी खमंग, खारट होतं जे ह्यांना कधी कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी नातीनं मोबाइलवर शोधून दाखवलं, सुकवलेला मासा कुटून घालतात. पहाऱ्यावरून ते दिसलं नव्हतं. मी म्हटलं, मग आता घाला, सुकट तर आपल्याकडे बाजारात मिळते. नको म्हणाले. गिऱ्हाईक माळकरी असतंय. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आपण जेवढं लांबून बगितलं तेवढंच करावं."

मी हट्टानं डब्यात थोडी बांधून आणली, घरी सुनेला दाखवायला. सोमवारी दुपारी उघडली तर आंबली होती. फ्रिजमध्ये ठेवूनही. बांधून नेऊ नका, तिथेच खा.